जनकाबाईचा तांब्या अर्जदारास ऐकू यावा म्हणून

दिनांक : १२ जानेवारी २०२६

प्रति,
मा. उपविभागीय अधिकारी साहेब,
उपविभागीय कार्यालय (महसूल),
जिल्हा हिंगोली.

अर्जदार : सोनाजी संतराम खिल्लारे, वय ६७, सेवानिवृत्त कोतवाल, हल्ली धंदा शेती, रा. तलावाकाठचा आखाडा (शेतातले राहते घर), मौजे सावरमाळ, जि. हिंगोली.

विषय : सावरमाळ तलावाच्या काठी चालणाऱ्या ‘निवांत लेक कॅम्प’ येथील रात्रीचा गोंगाट बंद होऊन, अर्जदारास आपल्या आजारी पत्नीच्या तांब्याचा आवाज ऐकू येण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज, ज्यावर पंचनामा झाला.
२) अर्जदाराचा दुसरा अर्ज, ज्यावर सगळे हसले.

महोदय,

उपरोक्त विषयी अर्जदार हात जोडून, परंतु दातओठ खात, खालीलप्रमाणे निवेदन सादर करतो की,

१. अर्जदार हा सावरमाळचा जुना कोतवाल. हयातभर त्याने लोकांचे अर्ज पिशवीत घालून तहसिलात पोचवले, साहेब लोकांचे निरोप गावात आणले, दवंडी दिली, पंचनाम्याला पंच गोळा केले. अर्जाचे पुढे काय होते हे त्यास पुरते ठाऊक आहे. तरीही तो तिसरा अर्ज करीत आहे, यावरून त्याची गरज साहेबांच्या ध्यानात यावी. कोतवालकीत रात्री-बेरात्री कोणीही येऊन कडी वाजवायचे. कुठे मयत, कुठे जळीत, कुठे साहेबांचा अचानक मुक्काम. त्या नोकरीने अर्जदारास बाकी काही दिले नाही, पण झोप सावध दिली. ओसरीवर मांजर चढले तरी तो उठून बसतो. गावात याची चेष्टा होई. ‘सोनाजीच्या सपनात बी कुनी खोकललं तर सोनाजी जागा व्हतो’ असे लोक म्हणत, आणि अर्जदार ते हसून घेत असे.

२. दोन वर्षांपूर्वी अर्जदाराची पत्नी जनकाबाई हिला लकवा मारला. उजवे अंग गेले, वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला. नांदेडच्या दवाखान्यातून घरी आणताना डॉक्टरांनी बजावले होते, की रात्री हिला ठसका लागला तर ताबडतोब कुशीवर वळवा, नाहीतर जीव गुदमरेल. मुलगा बुद्धभूषण पुण्याला कंपनीत आहे, सून ज्योती त्याच्याजवळ. ती दोघे येतात, दोन दिवस आईचे पाय चेपतात, डोळे पुसत परत जातात. त्यांचा दोष नाही, पोटामागे जावेच लागते. राहता राहिला अर्जदार.

जनकाबाईच्या उशाशी पितळी तांब्या पालथा ठेवलेला असतो आणि तिच्या डाव्या मनगटात एक जाड बांगडी आहे. पाणी पाहिजे, बाहेरचे लागले, घसा भरून आला, की ती बांगडी तांब्यावर वाजवते. आवाज फार नसतो, कारण हातात जोर नाही. पण तिचा आवाज तसा आणि अर्जदाराची झोप अशी, दोघांचे बराबर जमून गेले होते. तिने वाजवले आणि अर्जदार उठला नाही, असे दोन वर्षांत एकदाही झाले नाही. ज्या झोपेला गाव हसत होते, तिच्याच भरवशावर या आखाड्यावर एक माणूस जिवंत होते.

३. असे सुरळीत चालले असता मागच्या दिवाळीनंतर अर्जदाराच्या बांधाला लागून ‘निवांत लेक कॅम्प’ नावाचा प्रकार सुरू झाला. मालक शहरातला; तो अर्जदाराने आजतागायत पाहिलेला नाही. व्यवस्थापक विजयकुमार हा मात्र गावचाच पोरगा, अर्जदाराच्या डोळ्यांदेखत वाढलेला. तलावाच्या काठी नारिंगी तंबू उभे राहिले, तेव्हा अर्जदारास खरोखर बरे वाटले होते. चार माणसे येतील, दूध खपेल, जनकाबाईला दारातून काही तरी बघायला होईल, असा भाबडा हिशेब त्याने केला. तो हिशेब अर्जदार येथे लेखी मागे घेत आहे.

कॅम्पाच्या जाहिरातीत लिहिले आहे की, निसर्गाच्या कुशीत शांतता अनुभवा. शांतता अनुभवायला आलेला मनुष्य गाडीतून उतरल्याबरोबर पहिली गोष्ट कोणती करतो, तर स्पीकर उतरवतो. दुसरी गोष्ट, वारंगा फाट्यावरून आणलेली कोंबडी आणि बाटल्या उतरवतो. बायको-लेकरे असतील तर ती शेवटी उतरतात. गेटावर पाटी आहे, ‘रात्री दहानंतर शांतता राखावी’. ती अंधारात वाचता यावी म्हणून तिच्यावर दिवा लावला आहे, आणि त्याच खांबाला वर भोंगा बांधला आहे. दहा वाजता भोंगा बंद होतो हे खरे आहे, अर्जदार खोटे लिहिणार नाही. मग प्रत्येक तंबूत आपापला स्पीकरचा डबा सुरू होतो. एकात लग्नाचे गाणे, दुसऱ्यात कव्वाली, तिसऱ्यात प्यालेला मनुष्य फोनवर कोणाची तरी माफी मागत असतो. या सगळ्याचा मिळून जो आवाज होतो, त्याने आखाड्याचे पत्रे थरथरतात आणि फळीवरचे डबे आपोआप कडेला सरकतात.

४. वाढदिवसाची रात्र वेगळी लिहिणे भाग आहे. बारा वाजता फटाके लावतात आणि केक खाण्याऐवजी एकमेकांच्या तोंडाला फासतात. तोंडे धुवायला ही मंडळी अर्जदाराच्या हौदावर येतात. सकाळी पाण्यावर लोण्यासारखा गुलाबी थर तरंगत असतो. अर्जदाराची म्हैस कडब्याबरोबर प्लास्टिकची पिशवीही चघळणारी, तिनेसुद्धा त्या पाण्याला तोंड लावले नाही. हौद उपसून, घासून, पुन्हा भरण्यात अर्जदाराची सकाळ जाते. हळदीच्या सरीत हे लोक लघवीला बसतात, बांधावर ओकून ठेवतात, आणि त्या ओकारीवरून गावची कुत्री रात्रभर भांडतात. म्हणजे माणसांचा आवाज थांबला की कुत्र्यांचा सुरू. हे लिहावेसे वाटत नाही. पण अर्जात खरे लिहावे अशी रीत आहे, आणि जे अर्जदारास रोज उचलावे लागते ते साहेबांनी निदान वाचावे.

एका रात्री एक तरुण गृहस्थ दार ढकलून थेट आत आले आणि जनकाबाईच्या बाजेपाशी उभे राहून ‘टॉयलेट किधर है’ असे तिलाच विचारू लागले. तिला बोलता येत नाही. उत्तर मिळेना म्हणून ते तिच्यावर रागावले. अर्जदाराने त्यांना दंडाला धरून बाहेर नेले, तेव्हा ते म्हणाले, ‘अंकल, इतना गुस्सा क्यूँ’. त्या दिवसापासून अर्जदार बाजेजवळची आपली जागा सोडून दाराशी, उंबऱ्याला आडवा झोपू लागला.

५. येथे साहेबांचा एक गैरसमज होऊ नये. ज्याला ज्याला अर्जदाराने ही तकलीफ सांगितली, त्याने त्याने झोपेवर इलाज सांगितला. आखाडा बाळापूरच्या औषध दुकानदाराने गोळी देऊ केली. बुद्धभूषणने फोनवर सांगितले, बाबा, पंखा लावून झोपा, पंख्याच्या आवाजात बाहेरचे ऐकू येत नाही. विजयकुमारने तर मोठ्या मनाने कानात घालायचे मऊ बोळे आणून दिले आणि म्हणाला, ‘काका, हे घाला, मंग ढोल वाजला तरी तुमाला कळनार न्हाई.’ अर्जदारास झोप नको आहे, साहेब. त्याला जाग पाहिजे. झोप मोडते ही त्याची तक्रारच नाही. ती तांब्याने मोडावी, इतर कशाने नाही, एवढेच त्याचे म्हणणे आहे. गोंगाटात टक्क जागे राहिले तरी तांब्या ऐकू येत नाही. काही रात्री अर्जदार तिच्या बाजेवर हात ठेवून बसून राहिला. पण दिवसा शेत आणि रात्री बैठक, या वयात किती दिवस निभणार. पहाटेकडे मान कलतेच.

६. सबब अर्जदाराने पहिला अर्ज दिला. त्यावर चौकशीस कर्मचारी आले, ते सकाळी अकरा वाजता. रात्रीच्या आवाजाचा पंचनामा दिवसा कसा होईल, असे नम्रपणे विचारले असता, ‘हाफिसचा टाइम हाच हाय’ असे उत्तर मिळाले. सर्व पाहुणे त्या वेळी तंबूत मेल्यासारखे झोपले होते. चौकशी तलावाकाठी खुर्च्या टाकून झाली, तळलेले मासे खात झाली, आणि पंचनाम्यात नोंद झाली की, ‘सदर ठिकाणी पूर्ण शांतता असून, अर्जदाराच्या मालकीचा एक कोंबडा मात्र आरवत असल्याचे आढळून आले.’ पुढे कोंबड्याबद्दल अर्जदारासच लेखी समज आली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात; येथे ती कोंबड्याला झाली. अर्जदाराने कोंबडा नात्यातल्या एका पाहुण्याला देऊन टाकला. कागद आला की पाळायचा, ही त्याची जन्माची सवय आहे.

७. या सवयीनेच पुढे घात केला. दुसरा अर्ज घेऊन अर्जदार एका नायब तहसीलदार साहेबांसमोर उभा राहिला. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘कोतवाल, तुमी एक काम करा. कानात ते बोळे घाला, अन् बाईच्या हातापासून तुमच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत सुतळी बांधा. बाई सुतळी ओढील, तुमी उठाल. ना अर्ज, ना पंचनामा.’ मग ते हसले. बाजूची टेबलेही हसली. शिपाईसुद्धा हसला. अर्जदार हसला नाही, कारण त्यास ते हसण्यासारखे वाटले नाही. साहेबांचे तोंडी आदेश ऐकायचे आणि घरी जाऊन अमलात आणायचे, यातच त्याचा जन्म गेला आहे. साहेब थट्टा करतात हे त्याने नोकरीत पुष्कळदा पाहिले होते, पण थट्टा कोणती आणि आदेश कोणता हे कोतवालाने ठरवायचे नसते. अर्जदाराने जाताना नव्या सुतळीचे बंडल विकत घेतले.

जनकाबाईला ही योजना पसंत नव्हती. सुतळी बांधताना तिने दोनदा हात मागे ओढून घेतला आणि तांब्याकडे बोट केले. अर्जदार तिला म्हणाला, ‘साहेबानं सांगितलंय. उगी राहा.’

८. गेल्या महिन्यातला शेवटचा शनिवार. कॅम्पात वर्षअखेरीची गर्दी, त्यात दोन वाढदिवस. पत्रे असे वाजत होते की अर्जदाराने आदेशाप्रमाणे बोळे घातले, सुतळी एकदा ओढून पाहिली, आणि उंबऱ्याशी आडवा झाला. बिबट्या फिरतो अशी बोलवा असल्याने म्हशीची वगार रात्री आत बांधलेली असते. सुतळी बाजेपासून दारापर्यंत त्या वगारीच्या तोंडासमोरून जात होती. वगार मुकी, तिला आदेश माहीत नव्हते. तिने सुतळी खाल्ली. अर्जदारास त्या रात्री अशी गाढ झोप लागली, जशी लग्नाआधी लागत असेल. ती झोप आठवली तरी आता त्यास अंगावर पाल पडल्यासारखे होते.

सकाळी त्यास विजयकुमारने हलवून उठवले. तो तक्रार घेऊन आला होता. अर्जदाराने कानातले बोळे काढले, तेव्हा कानी आलेले पहिले वाक्य जसेच्या तसे लिहितो : ‘काका, उजाडेपत्तोर ते टनटन काहून चालू व्हतं? भांडं वाजवून राहिलं कुनीतरी, सारखं. आमचे गेस्ट पार वैतागले. पहाटं जरा डोळा लागला त्यायचा, तर तुमचं हे सुरू.’

अर्जदार आत धावला. जनकाबाई बाजेखाली पडलेली होती. निकामी हात अंगाखाली मुडपलेला, लुगडे भिजलेले, आणि ओठांच्या कडेला जी लाळ सुकली होती तिला मुंग्या लागलेल्या. मनगटाला सुतळीचे भिजके टोक. तांब्या तिने छातीशी ओढून घेतलेला होता आणि त्याला एका बाजूने पोचे पडले होते. ज्या डाव्या हातात जोर नाही असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे, त्या हाताने पितळेला पोचे पाडले. अर्जदाराने बोटाने एक एक मुंगी काढली. जनकाबाई जिवंत होती, डोळे उघडे होते, आणि ती अर्जदाराकडे बघत नव्हती. विजयकुमार दारातच उभा राहिला. ‘मला काय माहीत, काका,’ एवढेच म्हणाला आणि खाली बघत निघून गेला.

म्हणजे, साहेब, तांब्या ऐकू येत होता. पहाटे कॅम्प थकून गप्प झाला, तेव्हा तो बांधापलीकडे तंबूत झोपलेल्या परक्या लोकांना ऐकू गेला. त्यांनी कूस बदलली, शिव्या दिल्या, सकाळी तक्रार केली. एवढ्या माणसांत एकालाही उठून बघावेसे वाटले नाही की, या वेळी हे कोण वाजवते आणि काहून वाजवते. अर्जदारास या लोकांची किळस येते. हौदावरच्या गुलाबी थराची येते त्याहून जास्त येते. आणि उंबऱ्याशी कानात बोळे घालून, एका थट्टेची अंमलबजावणी करीत जो इसम घोरत पडला होता, त्याची सगळ्यात जास्त येते.

९. जनकाबाईचा खांदा बांधला आहे. तो भरून येईल असे डॉक्टर म्हणतात. परंतु त्या रात्रीपासून ती तांब्या वाजवत नाही. तहान लागली तरी नाही, ठसका लागला तरी नाही. अर्जदार तांब्या तिच्या हाताशी सरकवतो. ती हात पांघरुणात घेते. आता अर्जदार पुन्हा तिच्या बाजेशी बसून असतो आणि नुसत्या श्वासावरून काय ते ओळखतो. श्वास तर तांब्यापेक्षाही हळू. तो कॅम्पाच्या रात्री मुळीच ऐकू येत नाही, आणि हाताला छाती लागत राहील तोवरच अर्जदारास ती असल्याचे कळते.

१०. सबब विनंती खालीलप्रमाणे.

अर्जदार कॅम्प बंद करा म्हणत नाही. नुकसानभरपाई मागत नाही. हौद तो स्वतः धुईल. भोंगा दहाला बंद होतो तसे तंबूतले डबेही दहाला बंद व्हावेत, आणि ते होतात की नाही याची तपासणी रात्री व्हावी, हाफिसच्या टाइमला नव्हे.

त्यासाठी साहेबांनी कोणासही न पाठवता येत्या शनिवारी स्वतः यावे. ओसरीवर बाज टाकून ठेवतो, गोधडी धुतलेली आहे. ज्वारीची भाकरी आणि ताज्या हरभऱ्याची भाजी होईल. मासे होणार नाहीत. साहेबांनी रात्री झोपावे. आतून तांब्या वाजेल. जनकाबाई वाजवत नसल्याने तो अर्जदार वाजवील, तिच्या हाताला जेवढा जोर होता तेवढ्याच जोराने. साहेबांना तो ऐकू आला आणि साहेब उठून बसले, तर हा अर्ज खुशाल दप्तरी दाखल करावा. चौथा अर्ज येणार नाही.

ऐकू आला नाही, तर एक रात्र, निदान एकच रात्र, तलावाकाठी खरी शांतता करून द्यावी. अर्जदार उंबऱ्याशी नाही, बाजेजवळच्या आपल्या जुन्या जागी झोपेल. जनकाबाईला ती शांतता ऐकू येईल. आपण वाजवले तर हा उठेल, असे तिला पुन्हा एकदा वाटले, तर कदाचित ती हात बाहेर काढील. तिने तो काढावा, यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

आपल्या खात्याचा जुना आज्ञाधारक, यापुढे फक्त तांब्याच्या आज्ञेत,

(सही)
सोनाजी संतराम खिल्लारे
मौजे सावरमाळ

सोबत जोडले आहे :
१) पंचनाम्याची नक्कल.
२) कोंबड्याबाबत मिळालेली समज. (कोंबडा आता पाहुण्याकडे आहे, तपासणीस हवा असल्यास आणून देता येईल.)
३) कानातले बोळे, एक जोड, वापरलेले. साहेबांनी हात लावू नये, नुसते पाहावेत.
४) सुतळीचे वगारीने चघळलेले टोक.

टीप : तांब्या जोडलेला नाही. तो उशाशी ठेवला आहे. कधी वाजेल सांगता येत नाही.